मागे बसून हाक देणारी

आमच्या खोऱ्यात लिओटा ब्रँडव्होल्डसारखी एल्कची, त्या घोड्याएवढ्या सांबराची, हाक कुणालाच देता येत नव्हती. ती माझी शेजारीण होती म्हणून मी हे म्हणत नाही. शेजारीण म्हणून बोलायचं तर माझ्याकडे सांगण्यासारखं बाकीचं खूप आहे. तिची कॉफी पाण्यासारखी पातळ, तिचा कुत्रा सदा माझ्या कोंबड्यांवर डोळा ठेवून, आणि कुणी मदत करू का विचारलं की बाईचं नाक वर. पण हाक द्यायची रबरी पडदी टाळूला चिकटवून तिने मादीचा आवाज काढला, की कुंपणाअलीकडच्या माझ्या गाईसुद्धा चरायच्या थांबून माना वर करायच्या.

ही कला तिला लग्नानंतर आली. तिचा नवरा आर्लो धनुष्याने शिकार करायचा. बंदूकवाल्याला जनावर लांबून टिपता येतं, धनुष्यवाल्याला ते अगदी पुढ्यात यावं लागतं, आणि आपण होऊन यावं लागतं. त्याला दोन माणसं हवीत. एक पुढे झाडाआड बाण लावून बसतो. दुसरा त्याच्या बराच मागे, दाट झाडीत, मादीची हाक देतो. नर येतो तो हाकेच्या रोखाने, त्याची नजर हाकेच्या जागी लागलेली असते, त्यामुळे पुढचा माणूस त्याच्या ध्यानात येत नाही. मागच्याला मात्र नर दिसत नाही. दिसला तर त्यालाही मागचा दिसणार, आणि मग सगळंच मुसळ केरात.

लिओटा सगळा संसारभर मागे बसली. फांदी मोडल्याचा आवाज ऐकायचा, खुरांची धडधड ऐकायची, मग आर्लोची शिट्टी आली की उठून पुढे जायचं. तोवर जनावर पडलेलं असायचं. तिने इतके नर बोलावले, पण जिवंतपणी भेट एकाशीही झाली नाही.

हाक कधी द्यायची, कधी नाही, हे ती विचारेल त्याला सांगायची, हातचं राखून नाही. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा महिना, सुरुवातीला नर नुकते चाळवलेले असतात, तेव्हा मादीची हळू हाक पुरे. महिना अर्धा सरला की ते पहाटे आणि संध्याकाळी डोंगर दणाणून सोडतात. तेव्हा नळीतून नराची आरोळी एकदाच द्यायची, तीसुद्धा फक्त तो कुठे आहे ते कळायला. त्याच्याभोवती माद्या असतील तर त्याला आव्हान देऊ नये, तो भांडायला येत नाही, कुटुंबकबिला घेऊन पलीकडच्या दरीत निघून जातो. ऑक्टोबरात नर थकलेले असतात, तेव्हा पाडसासारखं एकदा कुईं केलं तर केलं. आणि सगळ्याच्या आधी वारा बघायचा. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जात असेल तर पडदी खिशात घालून घरी यायचं. एवढं सगळं ती सांगायची, पुरुषमंडळी माना डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी महागड्या नळ्या घेऊन पहाटेपासून अख्खा डोंगर बहिरा करायची. मी त्यांच्या पोरांची शाळेची बस चालवते, त्यामुळे कुणाच्या बापाच्या हाती काय लागलं ते मला न विचारता कळतं.

एकदा आम्ही दोघी माझ्या मागच्या दारी कोंबड्या सोलत होतो, तेव्हा ती म्हणाली की आर्लो तिला शिंगांची टोकं सांगतो, वजन सांगतो, मांस कुठल्या वाटेने खाली न्यायचं ते सांगतो, पण तो नर कसा आला हे काही सांगत नाही. तिला ते हवं होतं. तिच्या हाकेने आलेला प्राणी झाडीतून बाहेर पडतो तेव्हा कसा दिसतो, काय करतो. विचारलं की आर्लो सुरी परजायला लागायचा. मी म्हटलं, माझा गस तर दिवसभर बोलतो आणि तरी काही सांगत नाही, नवरे असेच. ती हसली नाही.

आर्लो मार्चमध्ये गेला. गोठ्यात गवत टाकताना छातीत कळ आली आणि तिथेच बसला तो उठलाच नाही. नंतरचे महिने लिओटा माझ्या स्वयंपाकघरात यायची, खुर्चीवर बसायची, आणि मग काम आठवल्यासारखं करून निघून जायची. काम काही नसायचं. तिच्या घरातला रेडिओ सकाळपासून चालू असायचा आणि ती अंगणात उभी असायची, म्हणजे ऐकणारं कुणी नाही आणि घर मात्र बोलतंय. मला ते बघवत नसे.

तिची मुलगी शहरात, स्पोकेनला असते. बर्फ पडायच्या आत आईने तिकडे यायचं असं ठरलं. हिवाळ्यापुरतं, असं म्हणत होते, पण गुरं विकली गेली तेव्हाच आम्हाला कळलं की ती परत येत नाही. म्हणजे तिचा इथला हा शेवटचा सप्टेंबर.

ऑगस्टात आर्लोचा भाऊ ड्वेन तिच्या ओट्यावर येऊन बसला. मीही तिथेच होते. तो म्हणाला की या वर्षी लिओटाने त्याच्यासाठी हाक द्यावी, मांस अर्धं अर्धं.

"माझा स्वतःचा शिकारीचा परवाना आहे," लिओटा म्हणाली.

"परवाना आहे गं, पण मारणार कोण? तू पुढे बसलीस तर हाक काय तुझा कुत्रा देणार?"

"तुझ्यापेक्षा बरी देईल."

ड्वेन हसला, पण जाताना फाटक आपटून गेला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "नोरीन, मला एकदा पुढे बसायचंय. एकदाच. मग स्पोकेन तर स्पोकेन."

आणि गोठ्यामागे गवताच्या भाऱ्यावर नेम साधून झाल्यावर ती धनुष्य घेऊन एकटी जायला लागली. वरच्या कुरणाजवळ एक मोठा नर होता, त्याच्यामागे लागली. रोज दुपारी तिची गाडी माझ्या खिडकीवरून वर जायची आणि अंधार पडल्यावर खाली यायची. हळू आली की समजायचं, आजही काही नाही.

अडचण काय होती ती तिला पुरती ठाऊक होती. एकट्याने हाक दिली की नर येतो, पण जिथून त्याला मादी दिसायला हवी तिथवरच येतो. तिथे उभा राहून बघतो. मादी दिसत नाही. मग तो जागचा हलत नाही, ओरडतो, म्हणजे आता तू ये. लिओटा हाक देऊन वाकून पुढे पळायची, झाडाआड बसायची, धापा आवरायची. तोवर तो पाठ फिरवून गेलेला असायचा. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखणारे, रोज संध्याकाळी त्या उतारावर एकटीच दोघांची कामं करत होती. मी गसला म्हटलं, ही बाई त्या डोंगरावर पडून राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. गस म्हणाला, तू जा मग. मी म्हटलं, बोलावलंय का मला तिने?

सप्टेंबर सरत आला तेव्हा बोलावलं. दारात उभी राहिली, आत आली नाही. टोपी हातात घेऊन माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तुला मादीची हाक येते का?"

"मला पोरांना बसमध्ये बसवायची हाक येते."

"शिकशील?"

इतकंच. पण तेवढं विचारायला तिला किती जड गेलं ते मला दिसलं, म्हणून मी आणखी चेष्टा केली नाही.

ती पडदी तोंडात घालणं म्हणजे शिक्षा आहे. घोड्याच्या नालासारखी पट्टी, मध्ये पातळ रबर, ती टाळूला दाबून धरायची आणि जिभेने हलकेच दाब देऊन श्वास सोडायचा. मला आधी उमासे आले. मग नुसती लाळ. मग जो आवाज आला तो ऐकून गस ताट उचलून गोठ्यात जेवायला गेला.

"हे गंजलेलं बिजागर झालं," मी म्हटलं.

"चालेल. खऱ्या माद्याही काही गोड नसतात. वरून सुरू कर आणि खाली सोड. जोर नको. तू त्याला बोलवत नाहीयेस, तू नुसती आहेस, एवढंच त्याला कळू दे."

तीन-चार दिवस मी बसमध्ये एकटी असताना तोच उद्योग केला. मग एका दुपारी आम्ही दोघी वर गेलो. संध्याकाळी थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, म्हणून आम्ही नराच्या खालच्या अंगाला राहिलो. एका आडव्या पडलेल्या पाइनमागे तिने मला बसवलं. एकदा हाक दे, मग गप्प. तो ओरडला तरी गप्प. पुन्हा ओरडला की तोंड मागे वळवून अगदी हळू हाक दे, तू कंटाळून निघालीस असं त्याला वाटू दे. मधे एखादी काटकी मोड. धावपळ ऐकू आली तर लगेच एक हाक दे, बाण लागलेला नर त्याने थबकतो, लांब पळत नाही. हे सगळं कानात सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुला काही दिसणार नाही. उठू नकोस." आणि पुढे गेली. झाडीत ती दिसेनाशी व्हायला काही वेळ लागला नाही.

मी हाक दिली. बिजागरासारखीच आली. बराच वेळ काही नाही. मग वरून त्याची आरोळी आली, आधी घोगरी, मग चढत चढत शिट्टीसारखी बारीक. मी गप्प. पुन्हा ओरडला, जवळून. मी मागे वळले आणि तोंडावर हात धरून हळू हाक दिली. काटकी मोडली. त्यानंतर तो ओरडला नाही.

मग नुसतं बसणं. ओल माझ्या पँटीतून आत आली होती. मला आधी वाटलं होतं, उत्सुकता वाटेल. उत्सुकता सुरुवातीला थोडा वेळच टिकली. पुढे काहीतरी चाललं होतं, ते माझ्यामुळे चाललं होतं, आणि माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. लिओटा हाकेच्या अंतरावर होती, पण तिला हाक मारायची सोय नव्हती. तो आला की गेला, ती उभी आहे की बसली आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मला घराची आठवण झाली आणि घर तर खाली दिसत होतं, धुरासकट. इतकं एकटं मला माझी आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी नसते तरी तिथे काहीच कमी पडलं नसतं, फक्त आवाज हवा होता. उजेड कमी होत गेला आणि मी दोनदा उठू लागले आणि दोनदा परत बसले.

अचानक पुढे फांद्या कडाडल्या, खुरं धडधडली. मी हाक दिली. धडधड थांबली. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. तरी मी बसूनच राहिले, कारण शिट्टी आली नव्हती. शेवटी लिओटाने माझं नाव घेतलं, साध्या आवाजात, कॉफीला बोलवावं तसं.

नर कुरणाच्या कडेला पडला होता. बाण बरोबर खांद्यामागे बरगड्यांत लागला होता, त्याला फार सोसावं लागलं नाही. लिओटा त्याच्यापाशी जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, मारलास की गं. तिने मान हलवली.

"आवाज न करता आला," ती म्हणाली. "मला वाटायचं ते माजात येतात, मारामारीला येतात. तसं काही नाही. कान पुढे, मान लांब. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, बघायचा. माझ्यावरून बघत होता, तुझ्याकडे. शोधत होता गं नोरीन. मी इतक्या जवळ होते की त्याचे डोळे दिसत होते."

मी तिच्याशेजारी खाली बसले.

"आर्लोने हे दर वर्षी पाहिलं," ती म्हणाली. "आणि मला येऊन वजन सांगितलं."

मी म्हटलं, सांगवलं नसेल त्याला. हे सांगितलं असतं तर तू पुन्हा हाक दिली असतीस का? ती म्हणाली, असेल तसं. मग तिने डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि सुरी काढली, कारण मांस थांबत नाही. मी टॉर्च कपाळाला बांधला. आम्ही कामाला लागलो.

मग वर न बघता तिने विचारलं, "तुला मागे कसं वाटलं?"

ओल्या पँटीवरून काहीतरी चेष्टा माझ्या अगदी ओठावर होती. पण मी म्हटलं, "एकटं वाटलं. तू पुढे आहेस हे माहीत होतं, म्हणून जास्तच."

तिचा हात थांबला.

"मला दर वेळी तसं वाटायचं," ती म्हणाली. "त्याने विचारलं नाही. आणि मला वाटायचं, हे माझंच काहीतरी खूळ आहे, म्हणून मीही त्याला कधी सांगितलं नाही."

मग सुरी पुन्हा चालवत ती म्हणाली, मागचा पाय नीट धर, आणि मी धरला.