शेवटचं ‘म्हणून’

“मॅडम, आडनाव काय तुमचं?”

मागच्या बाकावरून एका पालकाने विचारलं. ठाण्यात घोडबंदर रोडवरची क्लासची नवी शाखा. प्रवेश परीक्षेच्या बॅचचं डेमो लेक्चर. मुलांच्या मागे पालक बसतात, शिकवणं ऐकतात आणि मग ठरवतात.

मी आडनाव सांगितलं.

“अच्छा. म्हणजे तुम्ही...” वाक्य त्याने तिथेच सोडलं. पालकांमधल्या दोघीतिघी हसल्या. क्लास चालवणारे सर दारात उभे होते. ते मोबाइल बघू लागले.

मी तर्क शिकवत होते. फळ्यावर लिहिलं होतं: रस्त्याचं काम चालू आहे. म्हणून बस उशिरा येईल. म्हणून घरून लवकर निघा. बस उशिरा येईल, हा मधला निष्कर्ष. तो आधीच्या वाक्याचा आधार घेतो आणि पुढच्याला आधार देतो. ज्याच्यापुढे आणखी ‘म्हणून’ लागत नाही, तो मुख्य. आडनाव सांगून झाल्यावरही मी हेच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी क्लासच्या कोपरीच्या ऑफिसात बोलावलं. सरांचे उपकार मी आजही नाकारत नाही. मानपाड्याला आमच्या एका खोलीत पाच माणसं. बाबा कंपनीत हेल्पर. अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा सरांनी याच ऑफिसची किल्ली माझ्या हातात दिली होती. घरातली पहिली पदवीधर झाले ती त्या किल्लीमुळे.

“बस गं.” सरांनी चहा मागवला. “तू मराठी मीडियमची. म्हणून तुझं इंग्लिश जरा अडखळतं. म्हणून पॅरेंट्सना विश्वास वाटत नाही. म्हणून तू घोडबंदर सोड, इथे बसून पेपर तपास. तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

मी मान हलवली. सवयीने. पण मनात खटकलं. काल इंग्रजीबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. प्रश्न एकच आला होता.

“सर, इंग्लिश सुधारलं तर बॅच परत मिळेल?”

“तसं नाही गं ते.”

मग कसं? आधार काढून घेतला तरी निष्कर्ष उभाच. म्हणजे तो त्या आधारावर कधी नव्हताच.

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. “तू समजूतदार आहेस. म्हणून तूच लिहून दे. वेळ जमत नाही, स्वतःहून बदली मागते. उगाच कुणाला बोलायला जागा नको.”

तेव्हा कळलं. घोडबंदर सोडणं हासुद्धा मधलाच निष्कर्ष होता. मुख्य होता हा कागद. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने. त्या पालकाचा प्रश्न, ते हसणं, सरांचा मोबाइल, सगळं मीच पुसून द्यायचं होतं. चहासुद्धा त्यासाठीच. आणि ती किल्ली? माहीत नाही. तिच्यावरही संशय घ्यावा लागला, याचा राग अजून जात नाही.

मी पेन उचललं. लिहिलं: ‘पालकांनी आडनाव विचारलं. म्हणून मी हिला या बॅचवरून काढत आहे.’ कागद सरांकडे फिरवला.

“खाली सही तुमची, सर.”

“अगं, मी तुझ्यासाठी काय नाही केलं?”

“खूप केलंत. म्हणून?”

सरांनी कागद पालथा घातला. सही केली नाही.

शनिवारी चार वाजता घोडबंदरची बॅच आहे. वेळापत्रकात अजून माझंच नाव आहे. मी जाणार. पुन्हा कुणी आडनाव विचारलं, तर ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीन. त्याच्यापुढे लिहीन ‘म्हणून’. आणि मार्कर विचारणाऱ्याच्या हातात देईन.