रुक्मिणीकाकूंचे गुरुवार

आमच्या मालाडच्या चाळीत रुक्मिणीकाकूंच्या कानावर गेलेली गोष्ट आंघोळीचं पाणी तापायच्या आत गावभर होई. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाची नोकरी डळमळते आहे, सगळं त्यांच्याकडे ताजं मिळे. बाई मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत, मूलबाळ नाही, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी तिसऱ्या बिऱ्हाडात ऐकू जावं. आई म्हणायची, "त्यांच्यासमोर जांभईसुद्धा बेतानं द्यावी." मीही त्यांना फारसा मोजत नसे. कॉलेजात शिकलेल्या पोरांना तेवढी मिजास असायचीच, आणि मी तर विलायतेला निघालो होतो.

१९५४ साली मला लीड्सच्या विद्यापीठात रंगांचं रसायनशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला, एका ट्रस्टची शिष्यवृत्तीही मिळाली. त्या काळी परदेशी जाणं म्हणजे घरात लग्नच. चाळीनं सत्कार केला, सतरा हार घातले. 'परदेशगमन' या मथळ्याखाली वर्तमानपत्रात माझा टाय लावलेला फोटो आला. टाय फोटोवाल्याचा होता. आणि जहाज सुटायला पाच दिवस उरले असताना ट्रस्टच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला. उजव्या फुप्फुसावर डाग होता. क्षय.

ट्रस्टनं आणि विद्यापीठानं माझी जागा वर्षभर राखून ठेवली, हे माझं नशीब. पण घरात सगळ्यांची झोप उडाली ती दुसऱ्याच कारणानं. माझी बहीण सुलक्षणा हिचं लग्न ठरत आलं होतं. घरात क्षयरोगी आहे असं कळतं, तर ते स्थळ गेलंच असतं आणि पुढं कोणी दारात उभं राहिलं नसतं. लपवलं याचा मला अभिमान नाही, पण आईला दोष द्यायला माझी जीभ आजही रेटत नाही. ठरलेल्या दिवशी ओवाळून घेऊन, हातावर दही घेऊन, ट्रंक उचलून मी निघालो. चाळीला वाटलं, बॅलार्ड पियरला, जहाजावर. मी गेलो मुलुंडला, अण्णामामांकडे.

मामांच्या अंगणात एक सुटी खोली होती. रोज एक इंजेक्शन, मूठभर गोळ्या, दूध, अंडी, आणि आंब्याखाली खुर्ची टाकून पडून राहणं, हे माझं उच्च शिक्षण. दोन महिन्यांनी एका दुपारी कुंपणापलीकडून आवाज आला, "काय रे झिला, विलायत मुलुंडाक इली काय?"

रुक्मिणीकाकू! भाच्याकडे आल्या होत्या. वाट लागली, संध्याकाळपर्यंत मालाड, उद्यापर्यंत सुलक्षणाचं होणारं सासर. मी हात जोडले, रडलोसुद्धा. कसंबसं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "पाया पडतो काकू, कोणाला सांगू नका."

एवढा वेळ गप्प राहिलेल्या मी त्यांना प्रथमच पाहत होतो. भाच्यासाठी आणलेली मोसंबी त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि गेल्या.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पण काहीच झालं नाही. गुरुवारी काकू पुन्हा आल्या, आणि मग दर गुरुवारी येत राहिल्या. चाळीत त्यांनी सांगितलं होतं की मुलुंडच्या दत्ताला गुरुवारचा नवस बोललेय. ज्या बाईला बांगड्याशिवाय घास उतरत नसे, तिला गुरुवारचे मासे सोडावे लागले, आणि चाळीनं थट्टा केली ती वेगळीच. माझ्यासाठी त्या कुळथाची पिठी आणत, गावठी अंडी आणत आणि चाळीतल्या यच्चयावत भानगडी आणत. मी पोट धरून हसत असे. माझी तेवढी एक भानगड त्यांनी कुठंच नेली नाही.

एकदा वसुधाताई नावाच्या शेजारणीनं चार बायकांत आईकडं माझ्या पत्रांवरची विलायती तिकिटं मागितली. विलायतेहून पत्रंच येत नव्हती, तर तिकिटं कुठली! तेवढ्यात काकू ओरडल्या, "ती सगळी मी कधीच घेतलंय, माझ्या भाच्याक!" वसुधाताई त्यांना हावरट म्हणाल्या, आठवडाभर बोलल्या नाहीत. आईला मात्र त्या क्षणी कळलं की काकूंना सगळं माहीत आहे. त्या दिवसापासून घरात काही चांगलंचुंगलं झालं की पहिली वाटी काकूंकडं जाऊ लागली.

वैशाखात सुलक्षणाचं लग्न झालं. पंगतीत काकू नेमक्या वरमाईच्या शेजारी बसल्या आणि तासभर अखंड बोलत होत्या. आई वाढायच्या निमित्तानं त्या दोघींपुढंच फेऱ्या घालत होती. नंतर कळलं की तो सगळा तास त्यांनी वरमाईला सोलकढी कशी करावी यावर खर्ची घातला.

ऑगस्टमध्ये एक्स-रे स्वच्छ आला आणि सप्टेंबरात मी खरोखरच जहाजावर चढलो. लीड्सला कोळशाचा धूर होता, दुपारी चारला अंधार होता, प्रयोगशाळेत बोटं कायमची निळी होती. सगळं मी आनंदानं सोसलं, कारण मी तिथं असणं हीच एक देणगी होती. दर गुरुवारी मात्र उगीचच कोणाची तरी वाट पाहिल्यासारखं होई.

सत्तावन्न साली पदवी घेऊन परतलो. सुलक्षणाच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस नुसता हसला. मग काकूंकडं गेलो. त्या ओट्याशी बांगडे साफ करत होत्या. मी विचारलं, "काकू, एवढे दिवस तुम्हांला गप्प बसणं जमलं कसं?"

त्यांनी मान वर केली नाही. "त्येत काय रे? आजपर्यंत माका कोणी 'कोणाक सांगू नका' म्हणान काय सांगूकच नाय. सगळी माका बघून गप होतत. तूच पयलो."

मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या दुपारी मी ते विश्वासानं नव्हे, निव्वळ भीतीनं सांगितलं होतं, हे मात्र मी त्यांना कधीच कळू दिलं नाही.