राक्षसाची मिशी

"मिशी काढून टाक," कांतीशेठ म्हणाले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. मिशी राक्षसाची होती.

कांतीशेठ आमच्या वाशिमच्या साप्ताहिकाचे मालक. पुढे कापडाचं दुकान, मागे साप्ताहिक. मी तिथे पानं लावतो. म्हणजे बातम्या, फोटो आणि जाहिराती एकमेकांच्या अंगावर न चढता पानात बसवतो. या वर्षी मात्र मनासारखं काम आलं होतं. आमच्या अंकात फार पूर्वी 'पाताळाची गाडी' नावाची चित्रकथा यायची. आमच्या साप्ताहिकातली ती पहिलीच. अनसिंगच्या इंगोलेबाई ती काढायच्या. तेव्हा त्या शाळेत नव्याने लागलेल्या चित्रकलेच्या बाई होत्या. आता सत्तरी उलटली, हात थरथरतो. मूळ चित्रं वाळवीने खाल्ली. उरले ते पिवळे पडलेले अंक. ते स्कॅन करायचे, डाग पुसायचे आणि पुस्तक काढायचं, असं ठरलं.

बाई मला म्हणाल्या होत्या, "डाग पुसा, पण माह्या रेघा नका पुसू. आता या हातानं दुसरी रेघ निघत नाई."

कथा अशी. मंगरूळपीरहून सुटलेली एसटीची लाल गाडी आसेगावच्या अलीकडे एका विहिरीत उतरते आणि पाताळात पोचते. तिथे राक्षस चढतात. कंडक्टर त्यांना तिकीट मागतो. बस, एवढंच. प्रस्तावनेसाठी शेठनी दोन प्राध्यापकांना विचारलं. दोघांनीही आधी शाल-श्रीफळाची चौकशी केली. मग शेठ मला म्हणाले, "तूच लिही. तू तं ते रोज पाहूनच राह्यला."

म्हणून मी तिकिटाचं पान नीट वाचलं. चित्रकथेत प्रत्येक चित्राला चौकट असते, बोलणं फुग्यात असतं. पहिल्या चौकटीत राक्षस इतका मोठा, की मिशीची टोकं चौकटीबाहेर गेली आहेत. कंडक्टर त्याच्या गुडघ्याएवढा. फुग्यात एकच शब्द: तिकीट. पुढच्या चौकटीत कंडक्टर तेवढाच, राक्षस जरासा लहान, फुगा जरासा मोठा. असं करत करत शेवटच्या चौकटीत राक्षस तुमच्याआमच्याएवढा होतो, मिशीची टोकं खाली पडतात आणि त्याच्या हातात तिकीट असतं. त्याने पैसे दिले कधी? ते बाईंनी काढलंच नाही. दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते, तिला आमच्या धंद्यात गटर म्हणतात. नाव घाण, काम मोठं. राक्षसाने खिशात हात घातला तो तिथे, आणि घालायला लावला तो आपण वाचणाऱ्यांनी. मला तर ते पान पाहून बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पण माझ्या आधी ते पान दुसऱ्या कोणी तरी बारकाईने वाचलं होतं. प्रकाशनाला आमच्या भागातले एक पुढारी साहेब येणार होते, आणि त्यांच्या पीएने प्रूफ मागवलं होतं.

पीए ऑफिसात आला आणि पानावर बोट ठेवून म्हणाला, "शेठ, हा कोण हाय?"

"राक्षस हाये."

"मिशी पाहा. पोट पाहा. वरून बिनतिकिटाचा! हे सायेबच होत."

मी म्हटलं, "अहो, हे काढलं तेव्हा साहेब चड्डीत होते."

"मंग काहून त्यांच्यासारखं दिसून राह्यलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चांदणं पीएच्या मनात होतं. मला राग आला आणि शेठ म्हणाले तशी मी मिशी काढली. नोकरीत दोन्ही एकाच वेळी जमतं.

मिशी गेल्यावर पीएने पुन्हा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता राक्षस विरोधी गटाच्या अध्यक्षासारखा दिसत होता. ते रोज दाढी-मिशी गुळगुळीत करतात, आणि साहेबांची त्यांच्याशी युतीची बोलणी चालू होती. शेठ मला म्हणाले, "असं कर, तोंडच ठेवू नको." मी डोळे, नाक, तोंड सगळं पुसलं. आता कंडक्टर एका बटाट्याला तिकीट मागत होता. पुस्तक तसंच छापलं गेलं.

प्रकाशनाच्या दिवशी बाईंनी स्टेजवर पुस्तक उघडलं. त्या बराच वेळ त्या पानावर हात फिरवत राहिल्या. मला खालून ते पाहवेना. कुठे तरी निघून जावंसं वाटलं.

साहेबांनीही पुस्तक उघडलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. माइक चालूच होता.

"याले तोंड काहून नाई? मिशी कुठी गेली?"

शेठ घाईने म्हणाले, "सायेब, छपाईत उडली असंल." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहिलं.

"अरे, काय पुस्तक केलं हे!" साहेब म्हणाले. "आमी आसेगावले हेच पाहाले अंकाची वाट पाहात होतो. मी तवाच ठरवलं होतं, मोठा झालो का मिशी ठेवीन तं या राक्षसासारखीच!" आणि त्यांनी भर सभेत मिशीला पीळ दिला.

पीए पंख्याकडे पाहू लागला. टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत बाईंनी माइक ओढला.

"सायेब, तुमी पयल्या चौकटीतली मिशी उचलली. शेवटच्या चौकटीत तो तिकीट काढते, ते राह्यलं."

हॉल हसला. साहेबही हसले, जरा उशिरा. पुस्तक परत, चेहऱ्यासकट छापायचं तिथेच ठरलं. मी बाईंच्या रेघा जुन्या स्कॅनमधून एकेक करून परत आणल्या. पुसताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण हात एकदाही आखडला नाही.

पुढच्या आठवड्यात पीए पुन्हा आला. साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याला साहेबांच्या शेजारी राक्षस हवा होता. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "द्या, पण शेवटची चौकट द्या." पीएने पहिलीच नेली. फ्लेक्स चौकात लागला आणि त्यावर साहेब कोणते, हे लोक एकमेकांना विचारत होते.

तेव्हापासून कोणी म्हणालं, "हे चित्र अमक्यासारखं दिसतं," की मी आधी वय विचारतो. चित्राचं आणि अमक्याचं.