कारबेटर

मला डिग्री वर्षभर उशिरा मिळाली, ती एका शब्दामुळे, असं घरी अजून समजतात.

लातूरला पदविकेची शेवटची तोंडी परीक्षा होती. ती निघाली तर थेट डिग्रीला प्रवेश. नापास झालो तर वर्ष गेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या हातात मोटारसायकलचा उघडलेला कार्बोरेटर ठेवला.

"हे काय?"

"कारबेटर, सर."

आमच्या अहमदपुरात सगळे मेकॅनिक असंच म्हणतात. आमचे सरसुद्धा स्वतःची गाडी बंद पडली की म्हणत, "कारबेटरमधी कचरा आलाय, बघ रे."

परीक्षक खुर्चीत मागं रेलले. "कार बेटर? मग वाईट काय, बैलगाडी?"

रांगेतली पोरं हसली. परीक्षकांशेजारी बसलेले आमचे सर सगळ्यांत मोठ्यानं.

मी सांगत गेलो. इंजिन हवा ओढतं. मधला गळा चिंचोळा असतो, तिथं हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. म्हणून खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर येतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. वाटी भरली की तरंगणारा फ्लोट सुईला वर ढकलतो आणि पेट्रोलची वाट बंद होते.

"फ्लोटला भोक पडलं तर?"

"बुडंल, सर. सुई उघडीच राहील. पेट्रोल वाहून जाईल."

"बुडंल! आधी नाव शुद्ध बोल. पुन्हा म्हण."

मी म्हणत राहिलो. दर वेळी जास्तच चुकलं.

"अहमदपूरचं पार्सल हाय, सर," आमचे सर म्हणाले. "तिकडं असंच बोलत्यात."

परीक्षकांना हसून ठसका लागला. त्यांनी चहा मागवला. माझ्यामागच्या पोरांना त्यांनी जवळजवळ काही विचारलंच नाही.

नापास मी एकटाच झालो.

निकालादिवशी सर जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको, बाळा. माणूस लई कडक होता. आल्या आल्या म्हणाला, अर्धा वर्ग उडवतो. एकावर त्याचं पोट भरलं. बाकीचे निघाले की न्हाई?"

"मला उत्तरं येत होती, सर."

"हाव, येत होती. म्हणून तर तुला पहिलं उभं केलं. तू पुढच्या बारीला निघशीलच. त्या गधड्यांचं काय झालं असतं?"

फ्लोट काय, सुई काय, मला त्यांनीच शिकवलं होतं. मी वाकून पाया पडलो.

तेवढ्यात पोरं पेढ्यांचा खोका घेऊन आली. सरांनी त्यातला एक माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत तिथंच उभे राहिले.