दैवशालाबाईंची डबल बेल

अंबड डेपोत सव्वीस वर्षं कंडक्टरकी करून दैवशालाबाई रिटायर झाल्या, तेव्हा भावकीला वाटलं, बाई आता देवदेव करतील. कसलं काय! बाईंनी जुनी ओम्नी घेतली, चालवायला शिकल्या, मागची शिटं काढून गादी टाकली, शेतातली ताडपत्री उचलली आणि जाहीर केलं, "अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणार. मी आन चिल्लर." चिल्लर म्हणजे डेपोत सापडलेलं कुत्रं. जन्म गेला लोकांना फिरवण्यात, समुद्र पाहिला तो फोटोत.

"कुत्र्याला लॉजवाले घेत नाहीत," जालन्यात राहणारा त्यांचा मुलगा कल्याण म्हणाला.

"म्हणून तर ताडपत्री."

मग त्यानं अट घातली. एक जरी भानगड झाली तर माघारी यायचं, गाडी विकायची, चिल्लरला मंठ्याला भुजंगमामाच्या शेतावर सोडायचं. कटकट नको म्हणून बाई "बरं" म्हणून गेल्या.

तिसऱ्या दिवशी हर्णैच्या अलीकडं भानगड झालीच. गावाकडं शहागडला गोदावरीच्या वाळूत गाडी थेट पाण्यापर्यंत नेतात, सकाळचं पाणी संध्याकाळी तिथंच असतं. बाईंनी इथंही तोच हिशोब धरला. अगदी पाण्याकडेला गाडी लावली, ताडपत्री ताणली, पिठलं टाकलं. चारच्या सुमाराला चिल्लर समुद्रावर भुंकायला लागलं.

"गप रे, कोण चढून राह्यलंय तिथं?" बाई खेकसल्या. तोवर पाणी चढून आलं, स्टोव्ह विझला, पिठल्यासकट कढई गेली आणि चाकं वाळूत रुतली.

कोळ्यांनी दोर लावून गाडी ओढली. एकजण म्हणाला, "मावशी, भरतीची वेळ नाय बघितलीत?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर लोकांना गाडीची वेळ सांगितली आणि समुद्राची विचारायचं सुचलं नाही.

तेवढ्यात कल्याणचा फोन. चिल्लर भिजून पायाशी कुडकुडत होतं. थाप मारली असती तर कुणाला कळणार होतं? पण चोरून फिरायचं वय आहे का हे? बाईंनी सगळं सांगितलं, कढईसुद्धा.

"ठरलं होतं ना आई? फिर आता माघारी."

"तू ठरवलंस. मी बरं म्हणले, ती माझी चूक. गाडी पाण्यात लावली, तीबी माझीच. पण गाडी माझी, कुत्रं माझं. मी तुला विचारून न्हाई राह्यले, सांगून राह्यले."

मग कल्याण म्हणाला, "कढई नवी घे."

सकाळी बाईंनी कोळ्यांकडून पुढच्या आठ दिवसांच्या भरतीच्या वेळा विचारून वहीत नीट उतरवल्या, डेपोतल्या टाइमटेबलासारख्या. चिल्लर शेजारच्या शिटावर बसलं. ओढायला घंटीची दोरी नव्हती, म्हणून बाईंनी टपावर दोनदा बोटं आपटली. दोनदा म्हणजे चला. सव्वीस वर्षं डबल बेल त्यांनी दिली आणि गाडी दुसऱ्यानं काढली. आज दोन्ही त्यांनीच केलं.