पंख मोजणाऱ्या रूथबाई

ये पोरी, अशी जवळ बस. आणि तो हात खाली घे आधी. माशी दिसली की मारायला धावतेस. तिचे पंख कधी मोजलेस का? आमच्या रूथबाई असत्या तर तुला कोपऱ्यात उभी केली असती.

रूथबाई नगरला आमच्या मुलींच्या शाळेत निसर्ग शिकवत आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहत. मोठी लढाई नुकती संपलेली. दर शनिवारी शाळा सुटली की त्या अत्तारचाचांच्या काष्ठौषधीच्या दुकानात जायच्या. तिथे धुपात घालायला चंद्रस मिळे. चंद्रस म्हणजे झाडाचा डिंकच, पण जमिनीत युगानुयुगं पडून काचेसारखा झालेला, बोटीतून आलेला. एखाद्या खड्यात तेव्हाचा अडकलेला किडा तसाच्या तसा असे. बाई एकेक खडा उन्हात धरून बघत बसायच्या, किडा दिसला की विकत घेऊन आपल्या पेटीत ठेवायच्या.

चाचा म्हणत, "बाई, धूप घ्याया आलात का नवरी बघाया?"

"हळू बोला चाचा, आत कुणीतरी निजलंय."

आम्हां मुलींना त्यांचा एकच मंत्र होता, "आधी पंख मोज, मग नाव सांग." दोन असले तर माशी, चार असले तर दुसरं कुणीतरी. खड्याची एकच बाजू त्या घासून खिडकीएवढी साफ करत. बाकी अंगावर शहारे आल्यासारखे काटे तसेच ठेवत. म्हणत, "हे काटे म्हणजे त्याचा जन्मदाखला. राळ वितळवून कुणी आत माशी घातली तर खडा गुळगुळीत होतो."

शाळेच्या प्रदर्शनाला पुण्याहून प्राध्यापक यायचे होते. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "त्यांनी खरं म्हटलं तर तुमच्या किड्यांना कपाट देईन. नाहीतर ही पेटी पुन्हा शाळेत आणायची नाही."

त्या सकाळी बाई पेटी आमच्या ओट्यावर ठेवून आंघोळीला गेल्या. माझ्या आईला राहवलं नाही. "पाव्हनं येनार, अन् असं काटं आलेलं ठिवायचं व्हय?" म्हणत तिनं सगळ्यांत सुंदर माशीचा खडा राखेनं घासला, वर खोबरेल लावून लख्ख केला.

बाईंनी तो हातात घेतला, काटे शोधत त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वहिनी, चहा टाका."

प्राध्यापकांनी नेमका तोच खडा उचलला. "बाई, फारच गुळगुळीत आहे हो. राळेत माशी कुणीही बुडवील."

"बरोबर. मीही हेच म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट आणि साध्या राळेचा तुकडा मागवला. एक थेंब राळेवर टाकला, एक त्या खड्यावर, अगदी माशीच्या डोक्यावर. खडा कच्चा निघाला असता तर ती माशी कायमची धुक्यात गेली असती. माझी आई मागे तोंडात पदर धरून उभी.

बाईंनी प्राध्यापकांना बोट टेकवायला सांगितलं. राळ बोटाला चिकटून वर आली. चंद्रस कोरडा ठणठणीत.

प्राध्यापकांनी भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

"पंख किती?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"मग कोण?"

"माशी, बाई," ते हसून म्हणाले.

"शाब्बास. बसा खाली."

सगळी शाळा हसली, ते सगळ्यांत जास्त. दुसऱ्याच दिवशी कपाट आलं, काचेच्या दारांचं. आईनं सगळ्या आळीत सांगितलं, "म्या घासलं म्हनून तर परीक्षा झाली!"

बाई म्हाताऱ्या झाल्या, गेल्या. जाण्याआधी तो खडा त्यांनी आईला दिला, "घासणारीचा हक्क" म्हणून. आता माझ्याकडे आहे. आज बोलता बोलता ऊन गेलं बघ, आता काही दिसायचं नाही. पुढच्या खेपेला लवकर ये पोरी, दुपार टळायच्या आत ये. भिंग पुसून ठेवते. पंख मात्र तू मोजायचेस.