काळ्या काचेची गाडी: गोंदिया ते वडसा

गोंदियाहून वडशाला रेल्वेनं जायचं तर पॅसेंजर आहे, चहापाण्याच्या पैशात नेते आणि प्रत्येक खांबाला रामराम करते. दुसरी लांब पल्ल्याची एक्सप्रेस, एसीवाली. दोन्हींची तुलना करून ब्लॉग लिहायचा म्हणून डिसेंबरात एका लग्नाचं निमित्त साधलं आणि आईला घेऊन निघालो. जाताना एसी, येताना पॅसेंजर. हुशारी माझीच.

आईचे गुडघे गेलेत. सहा वर्षं ती गाडीत चढली नव्हती. गोंदियाच्या फलाटावर गरम पोहे-चना खाल्ला (जरूर खा, वर तर्री मागून घ्या) आणि डब्यात शिरलो. गार हवा, मऊ गादी, रुळांचा आवाजसुद्धा नाही. मी वहीत "आराम: उत्तम" असं लिहिलं.

पूर्वी इथं छोटी लाइन होती. लाकडी बाकडी, कोळशाचे कण डोळ्यात, बैलगाडीशी शर्यत लावली तर बैल जिंकायचे. नव्वदचं दशक सरता सरता बडी लाइन आली आणि ते सगळं भंगारात गेलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

हिरडामाळी मागे पडल्यावर आई म्हणाली, "ताईले निरोप धाडला होता. टेसनावर येऊन राहिली ती."

ताई म्हणजे माझी मोठी मावशी, वाटेतल्या एका लहान स्टेशनासमोर राहणारी. धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, वाटणीवरून तीस वर्षांपूर्वी मावशीच्या नवऱ्यानं आईला भरल्या ताटावर बोल लावला. आई उठली ती "या घरचं पाणी पिणार नाही" म्हणूनच. मावशी नवऱ्याला सोडून माहेरपणाला येईना, आई शपथ मोडेना. मग दोघींनी तोड काढली. स्टेशन काही कुणाचं घर नाही. छोटी लाइन तिथं क्रॉसिंगला अर्धा अर्धा तास पडून राहायची. मावशी उकडलेले शिंगाडे आणायची, फलाटावरच्या नळाचं पाणी दोघी प्यायच्या. पॅसेंजरच्या दोन मिनिटांतही त्यांनी ते चालवलं, गुडघे होते तोवर.

"आई, ही गाडी तिथं थांबत नाही."

"थांबत नाही म्हणजे? टेसन आहे ना तिथं?"

तिचं बरोबर होतं. स्टेशन आहे आणि गाडी थांबत नाही, हे तिच्या हिशेबात कधी बसलंच नव्हतं. मी नुसतं "सकाळची गाडी" असं सांगितलं होतं आणि तेवढंच तिनं कळवलं होतं. मावशीच्या शेजाऱ्याला फोन लावला. मावशी केव्हाच निघाली होती.

आई खिडकीला नाक लावून बसली. फलाट आला. हिरवं लुगडं, हातात डबा, मावशी प्रत्येक डब्याकडे बघत होती. आईनं काचेवर दोन्ही हात आपटले. बाहेरून त्या काचेत फक्त आकाश दिसतं. दार उघडून उभं राहावं हे मला सुचलं तेव्हा फलाट संपून भाताच्या गंज्या सुरू झाल्या होत्या. वेळेत पोचलो. वहीत तेही लिहिलं. स्वतःची एवढी चीड मला आजवर आली नव्हती.

लग्नातली वांग्याची भाजी उत्तम होती. आईनं चाखलीसुद्धा नाही.

परतताना पॅसेंजरनं आलो. दोघांनी धरून आईला वर चढवलं. त्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबली, दारात आई उभी. फलाटावर मावशी नव्हती. शिंगाडे विकणाऱ्या बाईनं ओळखलं. "काल आली होती तुमची ताई. गाडी निंगून गेल्यावर बसून होती लय वेळ."

"उतरू या, आई. घर समोरच आहे."

"शपथ हाय बावा," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

घरी आल्यावर तुलनेचा तक्ता करायला घेतला. वेग, स्वच्छता, आसनं, सगळ्यात एक्सप्रेस पुढे. तुम्हाला फक्त वडशाला पोचायचं असेल तर तीच घ्या. मग शेजाऱ्याच्या फोनवर मावशीला बोलावून घेतलं. काच काळी असते, आई आतून हात हलवत होती, गाडी तिथं थांबतच नाही, सगळं समजावलं.

"थांबाचं नव्हतं तं बोलावलं कायले, बाबू?" असं म्हणून तिनं फोन शेजाऱ्याला दिला.